चिटणिसांची व्यवस्था

ये, चैत्राली. चपला बाहेरच राहू देत,
आणि आधी खाली बस, फरशीवर.
उभ्या माणसाला तो घार समजतो.

नाव चिटणीस. घरातला एकही कागद
त्याच्या नजरेखालून, म्हणजे दातांखालून
गेल्याशिवाय पुढे सरकत नाही.
विजेचं बिल, सोसायटीची नोटीस,
एकदा तर फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट,
कोपऱ्यातून, सही तेवढी सोडून.

हे सुकं गवत. हेच खरं जेवण,
रोज त्याच्या अंगाएवढा ढीग.
गाजर म्हणजे पेढा,
नखाएवढं, आणि तेही रोज नाही.
मुळ्याचा पाला चालेल, कोथिंबीर चालेल,
कोबी नको, पोट फुगतं.
संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी
नेरुळ स्टेशनबाहेरच्या मढवीमावशी
उरलेल्या दुर्वा देतात, न मोजता, दहा रुपयांत.
त्या आण.
देवाचं उरलेलं त्याला फार गोड लागतं.

कानांना धरून उचलायचं नाही. कधीच.
मागचे पाय तुझ्या तळहातावर हवेत,
नाहीतर लाथ झाडताना स्वतःचाच कणा मोडेल.
अंघोळ घालायची नाही. तो तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे.
रागावू नकोस, माझ्यापेक्षाही.

दुपारी आपल्या सेक्टरची वीज जाते, न सांगता.
फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या आहेत गोठवलेल्या,
टॉवेलात गुंडाळून त्याच्याजवळ ठेव.
त्यांना टेकून तो असा पसरतो
जसा निवृत्त तलाठी वामकुक्षीला.

आता मोबाईल बाजूला ठेव आणि ऐक.
सशाला आवाज नसतो.
म्हणजे असतो एक, अगदी शेवटचा,
मी सहा वर्षांत ऐकलेला नाही, तूही ऐकू नयेस.
बाकी सगळं दातांत.
कपाळावरून हात फिरवलास की बारीक करकर,
शेजारच्या घरात कुणी सुपारी कातरावी तशी,
ते सुख.
तीच करकर मोठी, अंग चोरून, कोपऱ्यात,
ते दुखणं.

पण दुखतंय हे तो दाखवणार नाही.
त्याच्या जातीत दाखवणारे जगले नाहीत.
तू आलीस की नाक हलवील, कान टवकारील,
मिशा साफ करील, रोजच्यासारख्या.
म्हणून लेंड्या मोज. हसतेस काय,
त्या खोटं बोलत नाहीत.
बारा तास खाल्लं नाही तर वाट पाहू नकोस,
वाशीच्या डॉक्टरांना फोन कर, नंबर फ्रीजवर आहे.
मला नको करूस.
अगं, तिथे रेंज नसते.

"नाशिकला?"

हो, म्हणजे, कार्यालयात. भाचीचं लग्न.

"पितृपक्षात?"

मुलाकडच्यांना घाई होती.

ती बॅगेकडे बघते.
चेन पूर्ण लागत नाहीये,
वर डोकावतंय एक लांबरुंद पिवळं पाकीट,
त्याचा एक कोपरा कुरतडलेला.
"केवढी मोठी लग्नपत्रिका," ती म्हणते.

मिशा असत्या तर मी त्या साफ केल्या असत्या.

चिटणीस सोफ्याखालून येतात,
तिच्या गुडघ्यावर हनुवटी घासतात, दोनदा.
म्हणजे ही आता आमच्या दप्तरी नोंदली गेली.
ती हलत नाही. मी शिकवलं होतं तशीच
दोन बोटं त्याच्या कपाळावर ठेवते,
आणि त्याच्याकडेच बघत म्हणते,
"रोज रात्री नऊला फोन करणार मी.
याचं काही विचारणार नाही.
तुम्ही दिवसभरात काय खाल्लंत, ते सांगायचं."

घरात नुसती सुपारी कातरल्याचा आवाज.

ही घे किल्ली. लॅच जरा अडतं,
दार थोडं उचलून ओढायचं, मग लागतं.
आणि गाजर नखाएवढं.
सांगितलं ना मी?